राजहंस हिमालय ओलांडतो तरी कसा? आणि हंस खरंच आठ हजार मीटरवरून उडतो का?

गोदातीर | सकाळी ७:१२

नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, काठाला राजहंसांचे थवे उतरू लागले की दरवर्षी एकच मजकूर मोबाईलवर फिरू लागतो: ‘हंस एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडत मानससरोवरातून थेट आपल्या पैठणला येतात.’ सोबत चित्र लावलेलं असतं लांब मानेच्या पांढऱ्याशुभ्र हंसाचं. तो पक्षी जायकवाडीला येत नाही. येतो तो राखाडी अंगाचा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला. पोरांच्या शाळेच्या प्रकल्पात हाच मजकूर जसाच्या तसा उतरवला जातो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटतं. इथं जाणकार पुष्कळ आहेत, तेव्हा तीनच गोष्टी विचारतो.

१. हंस आणि राजहंस, दोघांचीही उंच उडण्याची ख्याती आहे. त्यातलं मोजलेलं किती?
२. तेवढ्या विरळ हवेत पक्ष्याचा दम कसा टिकतो?
३. एवढा खटाटोप कशासाठी? इथंच का राहत नाहीत, नाही तर तिथंच का राहत नाहीत?

थापट्या | सकाळी ७:४०

आधी नावं, नाही तर पुढची सगळी चर्चा घसरत जाईल.

हंस म्हणजे इंग्रजीतला स्वान. व्हूपर, म्यूट, बेविक हे त्याचे उत्तरेकडचे प्रकार. भारतात हे फार क्वचित, तेही उत्तरेत वाट चुकून आल्यासारखे दिसतात. मराठवाड्याच्या पाण्यावर यांची अपेक्षा धरू नका.

आपल्याकडचा राजहंस म्हणजे बार-हेडेड गूज, मराठी यादीत पट्टकादंब. वजन दोन ते तीन किलो, पंखांचा पसारा दीड मीटरच्या आसपास. चोच आणि पाय पिवळे-नारिंगी, चोचीचं टोक काळं. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने दोन आडवे काळे पट्टे. उडताना अंग फिकट राखाडी दिसतं आणि पंखांची मागची कड काळी.

घोळ आजचा नाही. अमरकोशात राजहंस सांगितला आहे तो पांढरा, तांबड्या चोचीचा आणि तांबड्या पायांचा. त्यावरून काही जण तो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, असावा असंही म्हणतात. या धाग्यापुरतं ‘हंस’ म्हणजे स्वान आणि ‘राजहंस’ म्हणजे पट्टकादंब असं धरू या.

अंबाजोगाईकर | सकाळी ७:५५

रुमाल टाकून ठेवतो. सवडीने वाचणार.

पंखभार | सकाळी ८:३०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन तुकड्यांत द्यावं लागेल.

हंसाची ख्याती उभी आहे ती मुख्यतः एका नोंदीवर. डिसेंबर १९६७ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवर एका वैमानिकाला साधारण ८,२०० मीटरवर तीसेक हंस दिसले. ते उत्तर आयर्लंडकडे निघाले होते आणि रडारवरही तीच उंची आढळली. पुस्तकांतून फिरणारा आकडा तो हाच. पण १९९० च्या दशकात आइसलँड आणि ब्रिटनच्या दरम्यान जाणाऱ्या व्हूपर हंसांना उपग्रह-टॅग लावले, तेव्हा सर्वांत जास्त उंची आली १,८५६ मीटर. बहुतेक प्रवास त्याच्याही खूप खाली, समुद्राच्या जवळून झाला. वारा उलटा फिरला तर हे हंस मधेच समुद्रावर बसून राहतात, हेही त्यातच कळलं.

राजहंसाची उंची जीपीएसने मोजलेली आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वोच्च नोंद ७,२९० मीटरची आहे. बहुतांश नोंदी साडेपाच हजार मीटरच्या खालीच आहेत. एव्हरेस्ट ८,८४८ मीटर. माथ्यावरून गेलेला राजहंस कुठल्याही यंत्रात नोंदला गेलेला नाही.

येलदरीकर | सकाळी ८:४४

म्हणजे १९६७ ची नोंद खोटी का? रडारवर दिसलंय की.

पंखभार | सकाळी ९:२०

येलदरीकर, खोटी म्हणत नाही. एका थव्याने एका दिवशी केलेलं काम हा त्या जातीचा शिरस्ता धरता येत नाही, एवढंच. हंसाच्या अंगात ते रोजचं का बसत नाही, त्याचं ढोबळ गणित देतो.

राजहंस अडीच किलोचा धरा, हंस दहा किलोचा. वजन चौपट. पक्षी त्याच घडणीचा ठेवून मोठा केला की उडायला लागणारी ताकद वजनापेक्षा वेगाने वाढते. चौपट वजनाला साधारण पाचपट. स्नायू मात्र तितकी ताकद देत नाही, कारण पंख जेवढे लांब तेवढी फडफड सावकाश. चौपट वजनाच्या पक्ष्याला स्नायूंतून अडीचपटच्या आसपास ताकद मिळते. पाचपट हवी, अडीचपट हाती. म्हणून हंस सपाट उडतानाच आपल्या मर्यादेजवळ असतो, आणि वर चढायला लागणारी शिल्लक त्याच्याकडे थोडी उरते.

पाण्यावरून उठताना हे उघड दिसतं. हंसाला पाण्यावर पाय आपटत लांब धाव घ्यावी लागते. राजहंस काठावरून चार पावलांत हवेत असतो.

आता वर गेल्यावर काय होतं ते बघा. ७,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ४८ टक्क्यांवर येते. पंखाखाली हवाच निम्मी, म्हणून तेवढाच भार तोलायला वेग सुमारे ४४ टक्के वाढवावा लागतो. ताकदही जवळपास त्याच प्रमाणात जास्त लागते. हंसाला ही वाढ खिशातून भरता येत नाही. उतारावरून चढणारी हवेची लाट किंवा जोराचा पाठवारा मिळाला तरच तो तिथवर जाईल.

मास्तर_परभणी | सकाळी ९:५०

वरचं पंखाचं झालं. दमाचं त्याहून अवघड आहे, कारण ताकद जास्त लागते आणि नेमका तेव्हाच प्राणवायू कमी मिळतो.

समुद्रसपाटीला प्राणवायूचा दाब साधारण १६० मिलिमीटर पारा असतो. ७,००० मीटरवर तो ६५ च्या आसपास येतो. पैठण समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पाचशे मीटरवर, तिथं फारसा फरक पडत नाही. तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे सात हजारांवर उणे तीस.

या जागी माणूस सरावाशिवाय पोचला तर बसल्या जागी गळून जाईल. राजहंस तिथं पंख मारत असतो.

लातूरची लेक | सकाळी १०:०५

मास्तर, फुप्फुस मोठं असतं का त्यांचं? का रक्त वेगळं असतं? जरा सोपं करून सांगा, लेकरांना समजावायचं आहे.

मास्तर_परभणी | सकाळी ११:३०

ताई, दोन्ही असतं, आणि आणखी तीन-चार गोष्टी असतात. एकाच गोष्टीवर बोट ठेवलं की चुकतं. हवा चोचीतून स्नायूपर्यंत जाते त्या वाटेवर प्रत्येक टप्प्याला काही ना काही सुधारलेलं आहे.

पहिला टप्पा श्वासाचा. आपलं फुप्फुस भात्यासारखं. हवा ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने बाहेर येते, म्हणून थोडी शिळी हवा नेहमी आत राहते. पक्ष्याचं फुप्फुस लहान आणि ताठ असतं, फुगत नाही. त्याच्या मागेपुढे हवेच्या पिशव्या असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ. पहिल्या श्वासात हवा मागच्या पिशव्यांत जाते. उच्छ्वासात ती फुप्फुसातून पुढे सरकते. दुसऱ्या श्वासात पुढच्या पिशव्यांत, आणि दुसऱ्या उच्छ्वासात बाहेर. एक घोट हवा दोन श्वासांत पार होते, आणि फुप्फुसातून वाहते ती एकाच दिशेने. हे सगळ्याच पक्ष्यांत आहे, चिमणीतही. राजहंसाचं फुप्फुस त्याच्या जातभाईंपेक्षा अंगाच्या मानाने मोठं आहे, आणि हवा विरळ झाली की तो नुसता भराभर नाही तर खोल श्वास घेतो. उथळ, भराभर श्वास घेतला तर बरीच हवा नळीतच हेलपाटे घालते.

दुसरा टप्पा रक्ताचा. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात प्राणवायू वाहणारं प्रथिन, अमिनो आम्लांच्या साखळ्यांचं बनलेलं. त्याच्या अल्फा साखळीत ११९ व्या जागी ग्रेलॅग या मैदानी कादंबात (गूज) प्रोलीन हे आम्ल असतं, राजहंसात अॅलनिन. मुख्य बदल हाच. त्यामुळे दोन साखळ्यांमधली एक पकड सुटते आणि हिमोग्लोबिन प्राणवायूला लवकर धरतं. रक्त प्राणवायूने निम्मं भरायला ग्रेलॅगला साधारण ४० मिलिमीटर दाब लागतो, राजहंसाला ३०. सपाटीवर हा फरक जाणवणार नाही. सात हजारांवर, जिथं प्राणवायूचा एकूण दाबच ६५ आहे, तिथं दहा मिलिमीटर म्हणजे फार झाले.

दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावरच्या कादंबात बदल बीटा साखळीत ५५ व्या जागी झालाय, आणि सुटते ती हीच पकड. दोन खंडांत एकाच कुलपाला दोन किल्ल्या मिळाल्या. हे पहिल्यांदा समजतं तेव्हा माणूस थोडा वेळ गप्पच होतो.

तिसरा टप्पा स्नायूचा. उडण्याच्या स्नायूत केशवाहिन्या दाट असतात, आणि पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीच्या कडेला वाहिन्यांच्या जवळ सरकलेली असतात. प्राणवायूला शेवटचं अंतर कमी चालावं लागतं.

चौथी गोष्ट मेंदूची. जोराने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड धुतला जातो. माणसाच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या त्यामुळे आकसतात, चक्कर येते. राजहंसाच्या मेंदूकडचा रक्तप्रवाह तसा घटत नाही. म्हणून त्याला मनमोकळा श्वास घेता येतो.

थापट्या | सकाळी ११:४१

वाचनखूण साठवली, मास्तर. किल्ल्यांची उपमा वर्गात वापरणार.

येलदरीकर | दुपारी १२:१५

हे सगळं मान्य. पण मला वाटतं वारा विसरायलात तुम्ही. दिवसा ऊन तापलं की दरीतली हवा डोंगर चढते. घारी-गिधाडं त्यावरच तर फिरतात. राजहंस त्या वाऱ्यावर स्वार होऊन फुकटात वर जात असणार. एवढ्या हिमोग्लोबिनची गरजच काय मग?

पंखभार | दुपारी १:००

येलदरीकर, तर्क सरळ आहे, आणि टॅग लावण्याआधी बऱ्याच जणांचा हाच अंदाज होता. टॅगांनी उलटं दाखवलं. २०११ च्या अभ्यासात हिमालय चढणारे राजहंस रात्री आणि पहाटे उडताना सापडले, जेव्हा तो चढता वारा नसतो. मैदानातून निघून सात-आठ तास न थांबता चढत गेले. चढण्याचा वेग तासाला ८०० ते २,२०० मीटर, आणि तो पंखांच्या बळावर.

रात्रीचा फायदा कशात आहे? रात्रीची हवा गार, म्हणून दाट. दहा अंशांच्या फरकाने घनता साधारण चार टक्के वाढते, आणि त्या उंचीवर चार टक्केसुद्धा मोलाचे. शिवाय दुपारचा चढता वारा एकसारखा नसतो, भोवरे असतात. पसरट पंखांचं गिधाड त्यात गोल गोल फिरू शकतं. राजहंसाचे पंख अरुंद, टोकदार, सतत फडफडायचे. त्याला हेलकावे नकोत, शांत हवा हवी. अंगाची उष्णता बाहेर टाकायलाही रात्र बरी.

लातूरची लेक | दुपारी १:२०

मग सात-आठ तास चढून एकाच उंचीवर राहतात का?

पंखभार | दुपारी २:१०

नाही, आणि मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच वाटते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात राजहंसांच्या पोटात छोटी यंत्रं बसवून हृदयाचे ठोके, पंखांचे फटके आणि हवेचा दाब नोंदवला होता. राजहंस जमिनीला चिकटून जातात. खिंड आली की चढतात, पलीकडे दरी आली की मिळवलेली उंची सोडून खाली उतरतात, पुन्हा पुढची धार आली की चढतात. बालाघाटात घाटरस्ता जसा डोंगराच्या कलाने जातो, तसं.

मिळवलेली उंची सोडायची हे वाया गेल्यासारखं वाटतं. तसं नाही. वर राहणंच इतकं महाग आहे की उतरून पुन्हा चढणं स्वस्त पडतं. आकडे बघा. पंखांचे फटके नुसते ५ टक्के वाढले की ठोके १९ टक्के वाढतात आणि लागणारी ताकद अंदाजे ४१ टक्के. फटके सेकंदाला चारच्या आसपास. म्हणजे सेकंदाला चारऐवजी सव्वाचार फटके मारणंसुद्धा परवडत नाही.

आता गोदातीरांचा मूळ मजकूर घ्या, ‘एव्हरेस्टच्या माथ्यावरून’. माथ्यावरून जाण्यात त्या पक्ष्याला काहीच मिळत नाही. जितकं खालून जाता येईल तितकं खालून जाणं हीच त्याची युक्ती आहे.

अंबाजोगाईकर | दुपारी २:२५

अप्रतिम. रुमाल उचलला, जागा घेतली.

दुर्बीण | दुपारी ३:००

उंचीच्या आकड्यांबद्दल थोडं तांत्रिक, कारण ‘जीपीएसने मोजलं’ म्हटलं की लोक डोळे मिटून मान डोलावतात.

टॅगचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांत ठेवतात. अडीच किलोच्या राजहंसाला ७५ ग्रॅम. त्यात बॅटरी, सौर पट्टी, अँटेना सगळं आलं. पिसांनी सौर पट्टी झाकली किंवा आठवडाभर ढग राहिले की बॅटरी उतरते आणि नोंदी विरळ होतात. दोन तासांनी एक नोंद असेल तर मधली सर्वोच्च उंची हुकू शकते. अरुंद दरीत आकाशाचा तुकडाच दिसतो, उपग्रह कमी सापडतात, आणि उभ्या उंचीची चूक आडव्यापेक्षा नेहमी मोठी असते.

जमिनीपासूनची उंची काढताना तर आणखी जपावं लागतं. ती थेट मोजली जात नाही. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतून नकाशावरची जमिनीची उंची वजा करतात. हिमालयात जागा शंभर मीटर बाजूला सरकली की जमीनच कितीतरी खाली-वर होते, म्हणून कधी कधी पक्षी जमिनीच्या आत उडताना दाखवला जातो. असे बिंदू गाळून मगच आकडा जाहीर करतात. ७,२९० मीटरला वजन आहे ते या गाळणीमुळे.

मास्तर_परभणी | दुपारी ३:३०

दुर्बीण, छान. त्याला जोडून एक प्रयोगशाळेतली बाजू. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अंड्यांपासून वाढवलेल्या राजहंसांना कॅनडात वाऱ्याच्या बोगद्यात मुखवटा घालून उडवलं. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, तो मुखवट्यातून ७ टक्क्यांवर आणला. ही पातळी साधारण ९,००० मीटरची. तरी काही राजहंस उडाले. ठोके फार वाढवले नाहीत, शरीराचा एकूण खर्चच कमी केला. शिवाय शिरांतून परतणाऱ्या रक्ताचं तापमान घसरलं. गार रक्त प्राणवायू जास्त धरतं, आणि गरम स्नायूत पोचलं की सोडतं.

पण हे उडणं काही मिनिटांचं होतं, सपाट, अंग न गोठता आणि दाट हवेत. त्यावरून ‘एव्हरेस्ट पार करतो’ असं म्हणता येणार नाही. अंगात तेवढी तयारी आहे, इतकंच त्यातून सिद्ध होतं.

थापट्या | संध्याकाळी ५:१०

अवांतर: येलदरीकरांचा चढत्या वाऱ्याचा मुद्दा पूर्ण वाया गेलेला नाही. तो कांड्या करकोच्याला लागू होतो. तोही हिवाळ्यात आपल्या धरणांच्या काठाला येतो आणि तोही हिमालय ओलांडतो. नेपाळात धवलगिरी (८,१६७ मी.) आणि अन्नपूर्णा (८,०९१ मी.) यांच्या मधून काली गंडकीची दरी जाते, त्या वाटेने त्यांचे मोठाले थवे दिवसा जातात. पसरट पंख, गरम हवेच्या खांबात गोल फिरत वर जायचं आणि मग पुढे तरंगत सुटायचं. डोंगर एक, वाटा दोन: एक दिवसाची, एक रात्रीची.

येलदरीकर | संध्याकाळी ५:२२

थापट्या दादा, पटलं. करकोचा आणि राजहंस एकाच तागडीत घातले, तिथं चुकलो.

अंबाजोगाईकर | संध्याकाळी ५:४०

सगळ्यांत उंच मग कोण?

पंखभार | संध्याकाळी ५:४८

रुपेल्स गिधाड. २९ नोव्हेंबर १९७३ ला आयव्हरी कोस्टच्या आबिदजानवर ११,३०० मीटरला विमानाच्या इंजिनात गेलं, पिसांवरून जात ओळखली. पण ते तरंगत वर गेलं. पंख मारत चढणाऱ्यांत राजहंसाला तोड नाही.

काळी माती | संध्याकाळी ६:३०

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही, आणि शेतकऱ्याला तोच जवळचा.

‘तिथं थंडी पडते म्हणून येतात’ हे अर्धवट उत्तर आहे. उणे तीसमध्ये उडणारा पक्षी थंडीला भीत नाही. तिबेटच्या दक्षिणेत नद्यांच्या खोऱ्यांत हजारो राजहंस हिवाळाभर राहतातही, कारण तिथं कापणी झालेली शेतं आणि न गोठलेलं पाणी आहे. खरं कारण चारा. गवत बर्फाखाली गेलं आणि तळ्याचं पाणी गोठलं की खायला नाही आणि रात्री बसायला सुरक्षित जागा नाही.

मग इथं उन्हाळा का काढत नाहीत? मे महिन्यात नाथसागराचा काठ बघा. गवत वाळून कोळ झालेलं, ऊन बेचाळीसच्या घरात, काठावर कुत्री. अशा जागी पिल्लं कोण वाढवेल? तिकडे, राजहंस पिल्लं वाढवतात तिथलं, तिबेटच्या पठारावरचं चिंगहाय सरोवर ३,२०० मीटरवर. जूनमध्ये पावणेपंधरा तासांचा उजेड, पैठणला सव्वातेरा. रोज दीड तास जास्त चरायला मिळतो. आइसलँडच्या हंसाला तर जूनमध्ये एकवीस तास आणि वर. पिल्लं चरतात तीही कोवळं गवत, आणि बर्फ वितळल्यावर फुटलेल्या गवतात प्रथिनं भरपूर असतात.

याशिवाय पिसं झडण्याचा काळ धरा. बदकं, राजहंस, हंस हे उडायची मोठी पिसं एकदम टाकतात. राजहंसाला महिनाभर, हंसाला पाच-सहा आठवडे उडताच येत नाही. महिनाभर पाण्याच्या आसऱ्याने जगता येईल अशी मोकळी, निवांत जागा हवी. आता हिशोब मांडा: अंडी उबवायला सुमारे चार आठवडे, पिल्लं उडायला सुमारे आठ, मधेच पिसांचा महिना, मग अंगावर चरबी चढवायची. हे सगळं तळं उमलल्यापासून गोठेपर्यंत उरकावं लागतं. एक महिना हुकला की पिल्लं बर्फात.

चरबीच का, तर तिच्या एका ग्रॅममध्ये नऊ किलोकॅलरी, पिठूळ अन्नाच्या दुपटीहून जास्त. आणि ती जळताना अंगातच पाणीही तयार होतं. कोरड्या हवेत रात्रभर श्वास घेणाऱ्याला ते पाणी लागतंच.

लातूरची लेक | रात्री ८:००

काळी माती, निघायची वेळ त्यांना कळते कशी? बर्फ पडेपर्यंत थांबतात का?

काळी माती | रात्री ८:२५

दिवस किती तासांचा झाला ते अंगाला कळतं. उजेड कमी-जास्त होताना संप्रेरकं बदलतात, भूक वाढते, रात्री चुळबुळ सुरू होते. निघायची तयारी उजेड ठरवतो, निघायचा दिवस हवा ठरवते. वाट मात्र पिल्लू आई-बापाच्या मागून शिकतं. हंस आणि राजहंस कुटुंबाने प्रवास करतात, पहिला हिवाळा पिल्लं आई-बापासोबतच असतात. थव्यातल्या फिकट डोक्याच्या, पट्टे नसलेल्या पक्ष्यांवर नजर ठेवा. ती त्याच वर्षीची पिल्लं. डोक्यावरून मागे मानेवर तपकिरी-काळसर छटा असते. थव्यात ती किती आहेत हे मोजलं की उत्तरेत हंगाम कसा गेला ते इथं बसून कळतं.

येलदरीकर | रात्री ८:५०

आमच्या भागात गाळपेऱ्यावरच्या गव्हात, हरभऱ्यात उतरतात म्हणून लोक चिडतात. नुकसान किती होतं खरं?

काळी माती | रात्री ९:३०

होतं, नाकारून चालणार नाही. पण कधी चरले यावर सगळं आहे. गव्हाला फुटवे यायच्या वेळी वरची पाती कुरतडली तर पीक बहुधा सावरतं. कांडी धरल्यावर चरले तर ओंबीच जाते. हरभऱ्याचे शेंडे आपणही खुडतोच. पण गाळाची जमीन ओली असेल तर रोपटं मुळासकट उपटून येतं, आणि शंभर-दोनशे पक्ष्यांचे पाय त्या ओल्या गाळाची पाटी करतात. ते नुकसान खाण्याहून वाईट.

ते चरतात मुख्यतः संध्याकाळी, रात्री आणि पहाटे. दिवसा पाण्याकाठी बसतात. तेव्हा राखण लागते ती अंधार पडताना, आणि पहिल्या आठवड्यातच. एकदा थव्याला ती जागा सवयीची झाली की उठवणं कठीण. चमकत्या फिती आडव्या बांधतात, पण एकाच जागी ठेवल्या तर चार दिवसांत पक्ष्यांना त्यांची भीती राहत नाही. दोन-तीन दिवसांनी हलवायच्या. विषारी दाणे टाकणं हा गुन्हा आहे, आणि ते विष गाळातून पाण्यात आणि मासळीतून आपल्याच घरात येतं.

दुर्बीण | रात्री ९:५०

बघायला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. पक्ष्याला उडण्यात सर्वांत महाग असतो तो जमिनीवरून उठण्याचा क्षण. होडी जवळ नेऊन किंवा ड्रोन सोडून थवा उठवला की त्याची कमाईची चरबी आपण फोटोसाठी जाळतो. ८ बाय ४२ ची दुर्बीण आणि तिपाईवरचा २० ते ६० पटीचा स्कोप असला की दीड-दोनशे मीटरवरून सगळं दिसतं. माना ताठ करून सगळे एकाच दिशेला बघू लागले की तिथंच थांबा. पुढचं पाऊल टाकलं की ते उठणार.

गोदातीर | रात्री १०:०५

धरण १,५२२ फुटांवर भरलं त्या वर्षी राजहंस कमी दिसतात, असं काठावरचे लोक सांगतात. खरं आहे का?

थापट्या | रात्री १०:२०

कारण सरळ आहे. १,५२२ फुटांना पाणी थेट बांधाला आणि काट्याकुट्याला भिडतं. राजहंसाला लागतो उतरता उघडा काठ, ज्यावर कोवळं गवत उगवलंय आणि चारी बाजू दिसतात. पाणी जसं मागे सरकतं तसा तो काठ तयार होतो. म्हणून भरलेल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते लहान तलावांवर पांगतात आणि डिसेंबर-जानेवारीनंतर नाथसागरावर जमतात. एकाच दिवशी एकाच जागी मोजून ‘यंदा घटले’ म्हणू नये. माजलगाव, येलदरी आणि आसपासचे पाझर तलाव एकाच आठवड्यात मोजले तर काही सांगता येईल. अभयारण्य १९८६ पासून आहे, पण पक्षी अभयारण्याची हद्द बघून उतरत नाहीत.

गोदातीर | रात्री १०:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. मजकूर नव्याने असा लिहिलाय, तपासा:

‘पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात येणारा राजहंस, म्हणजे पट्टकादंब, हा पांढरा हंस नव्हे. तो तिबेट-मंगोलियाकडच्या तळ्यांवर पिल्लं वाढवतो आणि तिकडचं पाणी गोठण्याआधी निघतो. हिमालय तो शिखरांवरून नाही, खिंडी-दऱ्यांतून, बहुधा रात्री आणि पहाटे, जमिनीच्या कलाने चढत-उतरत ओलांडतो. मोजलेली सर्वांत जास्त उंची ७,२९० मीटर. मोठं फुप्फुस, खोल श्वास, प्राणवायू लवकर धरणारं रक्त आणि दाट केशवाहिन्यांचे स्नायू यांच्या जोरावर तो हे करतो. मार्च-एप्रिलमध्ये परत जातो.’

मास्तर_परभणी | रात्री १०:५८

उत्तम. ‘मोजलेली’ हा शब्द कुणाला काढू देऊ नका. आणि चित्र बदला.

दुर्बीण | रात्री ११:१०

आणखी एक ओळ जोडा. काही राजहंसांच्या गळ्यात रंगीत प्लास्टिकचा पट्टा असतो, त्यावर अक्षर आणि आकडे. दिसला तर पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षर-आकड्यांचा क्रम, तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून घ्या, फोटो काढा आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. अक्षर अर्धवट दिसलं तर अंदाजाने भरू नका, त्या जागी प्रश्नचिन्ह टाका. मान वळली की दुसरी बाजू दिसते, तेवढा धीर धरा.

गोदातीर | रात्री ११:१५

जोडली. चित्रही बदललं, दोन पट्ट्यांचं.